एकोणचाळिसावा तुकडा

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि मी रागावलेली आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीनं गोष्ट सांगते म्हणून बसवलं आणि झापलं. झापणारच आहे मी. ज्यांना गोड गोड ऐकायचं असेल त्यांनी शेजारच्या टेबलघड्याळाकडे जावं. त्याला सगळ्यांना बरं वाटेल असं बोलायची सवय आहे.

मी दिसायला तळहाताएवढी, रुपेरी पत्र्याची एक चपटी डबी. पोटात आरशासारख्या तीन चकत्या. त्या गरागरा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीकसा काटा न टेकता सरकत वाचतो आणि लिहितो. तुमच्या वहीतलं अक्षर दिसतं, माझ्यातलं दिसत नाही. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला मी रिकामी आहे की भरलेली, काही कळत नाही. माझ्या आयुष्यातली निम्मी दुःखं याच एका गोष्टीमुळे झाली.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथे धुळीचा कण चालत नसे. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेल्या बायका आम्हाला जोडत. एकीला शिंक यायला लागली की ती नाक दाबून बाहेर पळत सुटायची. माझा शेवटचा स्क्रू जिनं पिळला तिनं मला दोन बोटांनी हलकेच थोपटलं होतं. इतक्या मायेनं मला नंतर फार कमी जणांनी हात लावला.

तिथून मी एका मोठ्या दवाखान्याच्या दुरुस्ती विभागात गेले, एका कॉम्प्युटरच्या पोटात बसून. तिथे माझी गाठ वायरकाकांशी पडली. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम वायरींचे तुकडे असायचे, म्हणून सगळे त्यांना वायरकाका म्हणत. दवाखान्यातल्या खाटा, दिवे, कानाची यंत्रं, विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या, जे काही बंद पडेल ते काकांकडे यायचं. पुढे तो कॉम्प्युटर जुना झाला, दवाखान्यानं तो काढून टाकला, तेव्हा काकांनी तो मागून घरी आणला. घराच्या मागच्या बाजूला त्यांची कामाची खोली होती. एक लांब टेबल, स्क्रूंच्या बरण्या, आणि फक्त उजवीकडेच बघणारा एक पंखा. त्या खोलीत मी बारा वर्षं काढली.

आता नीट ऐका. दवाखान्याचं कोठार साफ करायला काढलं, तेव्हा जुन्या यंत्रांची दुरुस्तीची पुस्तकं ढिगानं बाहेर फेकली गेली. ती यंत्रं बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या तेव्हाच बंद पडल्या होत्या. म्हणजे पुस्तक गेलं की त्या यंत्राबद्दल विचारायला जगात कोणी उरणार नव्हतं. काकांनी ती पुस्तकं दोन पोत्यांत भरून आणली. मग रोज कामावरून आल्यावर एक एक पान स्कॅन करायला बसले. चुरगळलेली पानं सपाट करायला त्यांनी काकूंची इस्त्री घेतली.

काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, ती कपड्यांची इस्त्री आहे. आज कागद भाजताय, उद्या माझ्या कुकरमध्ये वायरी उकडाल."

"एवढं एकच पान," काका म्हणायचे. ते एक पान दीड वर्ष चाललं.

त्या ढिगात एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीचं. त्याच्या शेवटी एक मोठा घडी घातलेला नकाशा होता. खुर्चीतली कोणती वायर कुठून निघते आणि कुठे जाते, हे सगळं त्या एका कागदावर. काकांनी त्याच्या घड्या तीनदा इस्त्री करून मोडल्या आणि चार भागांत तो स्कॅन केला. हे पुस्तक लक्षात ठेवा. माझा सगळा राग त्याच्यावरून आहे.

ही सगळी पुस्तकं काका स्वतःपाशी धरून बसले नाहीत. इंटरनेटवर दुरुस्ती करणाऱ्या माणसांची एक मंडळी होती. तिला ते 'सामायिक कपाट' म्हणत. नाव कपाट, पण त्याला फळ्या नव्हत्या. तिथे फक्त यादी असायची, कोणतं पुस्तक कोणाच्या घरी आहे याची. पुस्तकं असायची आमच्यासारख्यांच्या पोटात, हजारो घरांमध्ये. त्यात घड्याळं दुरुस्त करणारा एक जण होता, काकांनी कधी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, पण त्याच्या घरातली पुस्तकं आमच्याकडे यायची आणि आमची त्याच्याकडे जायची.

तुम्हाला कळेल असं सांगते. वर्गात एकाचीच वही पूर्ण आहे आणि तीस जणांना ती हवी आहे. तीसही जण त्याच्या मानगुटीवर बसले तर तो संपलाच. त्यापेक्षा त्यानं वहीचे तुकडे करून वाटायला घेतले, आणि सांगितलं की आता ज्याला जे मिळालंय ते त्यानं उतरवून दुसऱ्याला द्यावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या वह्या पूर्ण. आमचं कपाट असंच चालायचं. निळ्या पुस्तकाचे एकोणचाळीस तुकडे होते. मधले तुकडे पुढे-मागे आले तरी शेवटचा तुकडा मात्र सगळ्यांत शेवटी यायचा, अशी आमच्याकडची रीत होती. निळ्या पुस्तकाचा शेवटचा तुकडा म्हणजे तो वायरींचा नकाशा.

आणि यातली गंमत बघा. तुम्ही मित्राला पेन्सिल दिली की तुमची पेन्सिल जाते. मी पुस्तक दिलं तर माझ्याकडचं तसंच राहतं, वर त्याच्याकडेही होतं. देणाऱ्याची थोडी वीज जाते, थोडा वेळ जातो, मी थोडी झिजते. बस. म्हणून कपाटात नियमही दोनच होते. घेतलंत की आपलं दार उघडं ठेवा, म्हणजे तुमच्याकडून दुसऱ्यांना घेऊ द्या, निदान आणखी एकाला पूर्ण मिळेपर्यंत तरी. आणि काय दुरुस्त झालं ते कळवा.

लोक कळवायचे हो! एका बाईंनी कळवलं होतं की पुस्तक बघून मावशीचं कानाचं यंत्र सुरू केलं, आता मावशीला सगळ्यांचे टोमणे ऐकू येतात आणि घरात रोज भांडणं होतात, तरी आभारी आहे. काकांनी ते काकूंना तीनदा वाचून दाखवलं. मी दिवसभर फिरत असायचे, अंग तापायचं, पण तक्रार नव्हती. तेव्हा मला राग माहीत नव्हता.

फुकटे तेव्हाही होते. घ्यायचं आणि धाडकन दार लावून पसार व्हायचं. शंभरातले वीस-तीस तसे असायचे. मी त्यांना नावं ठेवायचे. पण उरलेल्यांची दारं उघडी असायची, म्हणून काम अडायचं नाही.

मग कपाटाचा कारभार एका नव्या माणसाकडे आला. त्याचं नाव मी घेणार नाही, आम्ही त्याला मोजणीसाहेब म्हणायचो. त्याला फुकट्यांचा बंदोबस्त करायचा होता. हेतू वाईट नव्हता, हे मी रागातसुद्धा कबूल करते. त्यानं प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लावला. किती दिलं, भागिले किती घेतलं. आकडा एकच्या खाली गेला की घेणं बंद. वर गेला की नावापुढे रुपेरी फीत, आणखी वर गेला की सोनेरी.

झालं! सगळ्यांचं लक्ष यंत्रांवरून उडालं आणि आकड्यावर बसलं. घेतलं की आकडा उतरतो, म्हणून लोक घ्यायलाच घाबरायला लागले. सगळ्यांना फक्त द्यायचं होतं. आता मला सांगा, सगळ्यांनीच दुकान मांडलं आणि गिऱ्हाईक कोणीच नाही, तर द्यायचं कोणाला? जे नवं आणि गाजलेलं असेल त्याच्यावर सगळे तुटून पडायचे, कारण त्याला घेणारे मिळायचे. जुनी, बारकी पुस्तकं पडून राहिली. काही जणांनी तर घरात दोन कॉम्प्युटर मांडले आणि स्वतःच स्वतःला दिवसभर देत बसले. त्यांना सोनेरी फिती मिळाल्या. पुढे पुढे तर साहेबानं कपाट चालवायला खर्च येतो म्हणून आकडा विकायलाच काढला. पैसे भरा, आकडा वाढवून घ्या!

आणि आमचे वायरकाका? तेही त्यातलेच निघाले. त्यांना सोनेरी फीत मिळाली तेव्हा त्यांनी काकूंना हाक मारून पडद्यावर दाखवली.

काकूंनी चष्मा लावून बघितलं. "छान आहे. याचं काय करतात?"

"करतात काय म्हणजे? मान असतो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात एक माणूस जुनं कपडे धुण्याचं यंत्र घेऊन आला. त्याचं पुस्तक कपाटात होतं, एका मिनिटाचं काम. पण घेतलं असतं तर काकांची फीत सोनेरीवरून रुपेरीवर आली असती. काकांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हे मॉडेल फार जुनं आहे, याचं काही होणार नाही." तो माणूस यंत्र परत घेऊन गेला. खोटं बोलले काका! माझ्यासमोर बोलले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला ना तळपाय ना मस्तक, करते काय.

मग साहेबाच्या लक्षात आलं की जुनी पुस्तकं कोणी सांभाळत नाही. त्यानं अजून एक शक्कल काढली. जुन्या, दुर्मीळ पुस्तकाच्या यादीत ज्याचं नाव असेल त्याला रोजचे जादा गुण. त्याबरोबर निळ्या पुस्तकाकडे कधी ढुंकून न बघणारे सात जण माझ्या दारात आले. सातांपैकी एकालाही खुर्ची दुरुस्त करायची नव्हती. त्यांना गुण हवे होते.

आणि इथे त्यांनी जी चलाखी केली ती ऐका. साहेबाच्या नियमात पुस्तक पूर्ण झालं तरच ते 'घेतलं' म्हणून मोजलं जायचं. पण यादीत नाव यायला एक तुकडा असला तरी पुरायचा. मग काय? सातही जणांनी अडतीस तुकडे घेतले आणि थांबले. शेवटचा तुकडा कोणी मागितलाच नाही. तो मागितला असता तर पुस्तक पूर्ण झालं असतं, आणि पूर्ण झालं असतं तर आकडा उतरला असता. सातांची नावं यादीत झळकली. नकाशा कोणाकडेच नव्हता. तो फक्त माझ्या पोटात होता.

हे काकांना माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं. यादीतल्या नावावर टिचकी मारली असती तर कळलं असतं कोणाकडे किती आहे. पण नाव दिसलं की माणसं पुढचं बघत नाहीत.

त्याच वर्षी काकांनी नवी डिस्क आणली. इवलीशी, आवाज न करणारी, फार मोकळी जागा नसलेली. सगळी पुस्तकं तिच्यात मावेनात. तेव्हा काकांनी ठरवलं, ज्या पुस्तकापुढे पाचांहून जास्त नावं आहेत ते आपण ठेवायचं नाही. ते निळ्या पुस्तकापाशी आले. "सात जण आहेत की," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढे जण सांभाळतायत. आपण कशाला जागा अडवायची?"

मी ओरडले. खरंच ओरडले. पण आमचं ओरडणं म्हणजे पोटातली टकटक. काका म्हणाले, "बघा, आता टकटकसुद्धा करायला लागली. गेली बिचारी कामातून." आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

मग मला कुठे ठेवलं असेल? कपाटात? डब्यात? छे. कामाच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं. ते आपटू नये म्हणून मला दारापाशी जमिनीवर ठेवलं, अडसर म्हणून. बारा वर्षं ज्यांची पुस्तकं मी सांभाळली त्यांच्या चपला मला लागत होत्या. धुळीचा कण चालत नसे त्या कारखान्यातली मी, केरसुणी फिरवताना काकू मला एका बाजूला सरकवायच्या आणि परत ठेवायच्या. चार महिने मी तिथे पडून होते. बंद डिस्कला ऐकू कसं येतं असं काही शहाणे विचारतील. त्यांनी गप्प बसावं. दाराशी पडलेल्याला घरातलं सगळं ऐकू येतं.

एक दिवस एक माणूस आला. सामान पोचवणारी गाडी चालवायचा. त्यानं गाडीतून एक विजेवरची चाकाची खुर्ची उतरवली आणि ती माझ्या अंगाला घासून आत नेली. खुर्ची त्याच्या थोरल्या बहिणीची होती. ती शाळेत गणित शिकवायची, दहावीच्या वर्गाला. लहानपणापासून तिच्या पायांत बळ नव्हतं आणि हातांतही जेमतेम. हातानं चाकं फिरवणं जमत नव्हतं आणि दिवसभर खुर्ची ढकलायला माणूस कोण देणार? ही खुर्ची होती म्हणून ती एकटी शाळेत जायची, एकटी यायची. आता खुर्ची बंद पडली होती.

"काका, बारा दिवसांनी शाळा उघडतेय," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी ताई हजर नसेल तर दहावी दुसऱ्या सरांना देणार. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलंय. नवी खुर्ची घ्यायची आमची ऐपत नाही. होईल ना?"

काकांनी झाकण उघडलं. आतली एक पट्टी जळली होती आणि वायरींचा गुंता झाला होता. पण काका हसले. "अरे, या खुर्चीचं पुस्तक मीच कपाटात टाकलंय. नकाशा बघून जोडायचं, की झालं. तू परवा ये आणि खुर्ची घेऊन जा."

काकांनी पुस्तक मागवलं. अडतीस तुकडे पटापट आले. मग किती आलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी थांबली. काका चहा पिऊन आले. थांबलेलीच. दुसऱ्या दिवशी थांबलेलीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या सात जणांना निरोप पाठवला की शेवटचा तुकडा हवा आहे, एक खुर्ची अडली आहे.

उत्तरं आली ती काका मोठ्यानं वाचत होते. एक म्हणाला, "माझ्याकडे नाही, पण बाकी सहा जणांकडे असेलच." दुसरा म्हणाला, "सोनेरी फीत तुमची, तुम्हीच आमच्याकडे काय मागताय?" तिसऱ्यानं विचारलं, हे पुस्तक नक्की कशाचं आहे? चौथा म्हणाला, अडतीस तुकडे हवे तर पुन्हा घ्या, तेवढेच मला गुण मिळतील. तिघांनी उत्तरच दिलं नाही. मोजणीसाहेबाकडून छापील निरोप आला, "आपली तक्रार नोंदवली आहे. आपला आकडा उत्तम आहे, असेच देत राहा."

काकांनी अंदाजानं वायरी जोडून बघितल्या. फट् झालं आणि घरातले दिवे गेले. भाऊ रोज फोन करायचा आणि काका रोज "उद्या" म्हणायचे.

आता जे सांगते ते सांगताना माझा अजून संताप होतो. काकांना माझी आठवण नव्हती असं समजू नका. ते रोज मला ओलांडून आत-बाहेर करत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. माणूस ज्याच्याकडे बघायचं टाळतो ते त्याला पक्कं आठवत असतं. मला उचललं असतं तर कबूल करावं लागलं असतं की दार आपणच लावलं. त्या लाजेपायी आठ दिवस गेले. त्यांचे नाहीत, त्या गणिताच्या बाईंचे गेले.

नवव्या दिवशी भाऊ बाईंना उचलून घेऊन आला. बारीकशा बाई, केस घट्ट बांधलेले, डोळे असे की समोरच्याला न केलेला गृहपाठ आठवावा. भावानं त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी काकांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सात जणांची नावं आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाकडे किती तुकडे आहेत ते बघितलंत?"

काकांनी पहिल्या नावावर टिचकी मारली. "अडतीस."

"दुसरं?"

"अडतीस."

सातही नावं झाली. काकांचा आवाज दर वेळी खाली खाली जात होता.

"काका, तुम्ही सात मोजलेत. ते सात नव्हतेच, शून्य होते," बाई म्हणाल्या. "सातांनाही शेवटचा कधी मिळालेलाच नाही. मग तो असेल तर ज्यानं पुस्तक टाकलं त्याच्याकडेच. पुस्तक कोणी टाकलं?"

"मी."

"मग तुमचं कुठे आहे?"

काकांनी फक्त दाराकडे बघितलं. भावानंही बघितलं, आणि त्याचा पारा चढला. "हे? हे दाराला लावलंय तुम्ही? आठ दिवस माझी बहीण खिडकीत बसून आहे, पाणी प्यायला माझी वाट बघते, आणि हे तुमच्या दाराला?"

"चुकलं माझं," काका म्हणाले. "मला वाटलं, एवढे जण आहेत…"

"सगळ्यांना तेच वाटतं," बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. "लावा ती."

काकूंनी मला पदरानं पुसलं. काकांनी वायर जोडली. मी फिरायला गेले आणि अडकले. टक, टक, टक. चार महिन्यांच्या लाथा आणि धूळ, गंमत आहे का? काकांनी बंद केलं, थांबले, पुन्हा लावलं. टक, टक. बाई शेजारी बसून मोजत होत्या. सहा झाले, सात झाले, आठ झाले. संध्याकाळी भाऊ त्यांना घरी घेऊन गेला तेव्हा अकरा झाले होते. जाताना त्या म्हणाल्या, "उद्या बारापासून."

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, मोजायला. मित्रांनो, माझ्या अंगात त्राण नव्हतं. पण बाईंचं ते मोजणं ऐकलं आणि मला काय झालं कोण जाणे. ज्यांनी मला दाराशी टाकलं त्यांच्यासाठी मी हललेसुद्धा नसते. पण ही बाई काहीही फुकट मागत नव्हती, तिला फक्त शाळेत जायचं होतं. चौदाव्या वेळी मी फिरले. पोटातला काटा चकतीला घासत होता, कळत होतं मला, तरी मी तो एकोणचाळिसावा तुकडा शेवटच्या रेघेपर्यंत वाचून दिला. त्यानंतर मी जी थांबले ती आजतागायत फिरलेली नाही.

नकाशा मिळाला. पण जळालेली पट्टी नेमकी कोणती ते त्यावरूनच कळलं, आणि ती मागवायला अजून दोन दिवस गेले. शाळा उघडण्याच्या दिवशी सकाळी काका पाच वाजल्यापासून कथलाचे डाग देऊन वायरी जोडत होते. खुर्ची सुरू होऊन शाळेशी पोचली तेव्हा दहा वाजले होते. शाळा साडेसातला भरली होती. बाई फाटकातून आत गेल्या तेव्हा दहावीच्या वर्गात नवे सर फळ्यावर तारीख घालून शिकवत होते. बाईंना सहावीचा वर्ग दिला. पंधरा वर्षं दहावीला शिकवणाऱ्या बाई, अडीच तासांनी हुकल्या. आठ दिवस वाया गेले नसते तर? हे 'तर' मला जाळतं.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली, सगळे शहाणे झाले. कसले शहाणे! काकांनी आता संपूर्ण पुस्तक कपाटात टाकलं आणि खाली सगळी हकीकत लिहिली, स्वतःची चूकही लिहिली, काही लपवलं नाही. शेकडो लोकांनी वाचली. हळहळ व्यक्त केली, हात जोडलेली चित्रं पाठवली. महिन्याभरानं बाई खुर्चीवरून, एकट्या, काकांकडे आल्या आणि त्यांनी विचारलं, "किती जणांनी पूर्ण घेतलं?"

काकांनी एकेका नावावर टिचकी मारली. सगळे जुने सात, आणि नवे पाच.

"अडतीस," काका म्हणाले. "सगळे अडतीसवरच."

बाईंनी स्वतःच्या लॅपटॉपवर पुस्तक घेतलं. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. लगेच पडद्यावर लाल अक्षरांत इशारा आला की आपण एक घेतलं, शून्य दिलं, आपला आकडा शून्य, आपलं घेणं बंद करण्यात येत आहे.

काका गडबडले. "बाई, आता तुम्हाला इथून काही घेता येणार नाही."

"देता येईल ना?"

"देता येईल."

"मग झालं. मी गणित शिकवते, काका. मला आकड्याची भीती घालू नका." त्यांनी लॅपटॉप तसाच उघडा ठेवला. आता तो शाळेत त्यांच्या टेबलावर दिवसभर चालू असतो, असं त्या सांगत होत्या.

त्या दिवशी काकांनी कपाटाच्या साहेबाला कळवून आपली सोनेरी फीत काढायला लावली. मग ते कपडे धुण्याच्या यंत्राचं पुस्तक घेतलं आणि त्या माणसाला फोन लावला. यंत्र तोवर भंगारात गेलं होतं.

मी आता फळीवर असते. खाली मऊ कापड, वर झाकण. काका रोज सकाळी मला पुसतात. मला ते नको आहे. पुसलेली मी आणि न पुसलेली मी, दोघीही सारख्याच बंद. माझ्या पोटात अजून अकरा पुस्तकं अशी आहेत की ज्यांच्यापुढे पाचांहून जास्त नावं होती, म्हणून काकांनी ती ठेवली नाहीत. ती पूर्ण कोणाकडे आहेत, मला माहीत नाही. मी परत फिरू शकत नाही. त्यांतल्या एखाद्यासाठी उद्या कोणीतरी स्टुलावर बसून मोजेल, आणि मी काहीच देऊ शकणार नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्यावर ओरडतेय. मला हार घालू नका, माझ्यावर निबंध लिहू नका. ज्याचं काहीतरी तुमच्या उपयोगी पडणार असेल ते घ्यायला लाजू नका, पण घ्याल तर पूर्ण घ्या. आणि घेतल्यावर, दुसऱ्या कोणाच्या हातात ते पूर्ण पडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत आपलं दार लावू नका. नावं मोजू नका, तुकडे मोजा.

निळ्या पुस्तकाचा तो नकाशा आज जगात दोन ठिकाणी आहे. एक काकांकडे, एक बाईंकडे. बाकी बारा जण अजून अडतीसवर बसून आहेत. काय बघताय माझ्याकडे? उठा आणि तिसरे व्हा.